पांढरीच्या पोटातलं पेव

मी पेव बोलतोय. इकडेतिकडे पाहू नका, पायाखाली पाहा. तो दगडी झाकणाचा गोल दिसतो ना, ज्यावर परवा तुमची शेळी बसली होती, ते माझं तोंड. त्याच्याखाली घडवंचीसकट अख्खं बिऱ्हाड मावेल एवढं माझं पोट. माझं तोंड लहान आणि पोट मोठं. माणसांची गोष्ट बहुतेक याच्या उलट असते, पण त्यावर आज बोलणार नाही.

ज्वारी साठवायला जमिनीत खोदलेलं कोठार म्हणजे पेव. माझ्या वयाचं विचाराल तर नीट आठवत नाही. दुर्गादेवीचा बारा वर्षांचा दुष्काळ ज्यांनी पाहिला, त्यांच्यातल्या उरलेल्या माणसांनी मला खोदलं. तेव्हा एलिचपुरावर कोणाचा अंमल होता हे मला कोणी सांगितलं नाही, आणि खोदणाऱ्यांनाही ते ठाऊक होतं असं वाटत नाही. त्यांना ठाऊक होती ती जमीन.

आमच्या पूर्णाकाठी जमीन दोनच जातीची. शेताची ती काळी आणि गावाची ती पांढरी. काळी फार गुणाची, पण फार लहरी. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात तडकते. तिच्यात बी पेरावं, घर पेरू नये. पांढरी आपली मुकाट्यानं जिथल्या तिथे राहते. म्हणून जुन्या लोकांनी काळीवर नांगर चालवला आणि पांढरीच्या उंचवट्यावर चुली मांडल्या. दगड म्हणाल तर आमच्या रानात कुत्र्याला मारायला सापडत नाही, म्हणून घरं, गढी, सगळं पांढऱ्या मातीचं. विहीर खणावी तर पाणी खारट, म्हणून पिण्याचं पाणी नदीच्या वाळूत खणलेल्या झिऱ्यातून. आणि मृग लागला की काळीचा असा चिखल होतो, की चार महिने ना गाडी हलायची ना घोडा. सुलतानाची फौजसुद्धा एलिचपुरात बसून दसऱ्याची वाट बघायची. बाहेरून शत्रू येत नसे हे चांगलं, पण दाणाही येत नसे. ज्याचं त्यानं आधीच पोटात ठेवलेलं बरं. तेवढ्यासाठी माझा जन्म.

मला खोदलं, आत पाचोळा पेटवून भाजून काढलं, शेणामातीनं सारवलं, कडब्याचं अस्तर लावलं. झाकणाचा दगड मेळघाटच्या पायथ्यावरून आणला. गावात आलेला तो पहिला दगड, त्यामुळे काही दिवस त्याला शेंदूर लागतो की काय अशी मला भीती होती.

माझा एक स्वभाव सांगून ठेवतो. बरेच दिवस तोंड बंद राहिलं की माझा श्वास जड होतो. वर्षं झाली, एक गडी उघडल्या उघडल्या आत उतरला, तो पुन्हा वर आला नाही. त्याचं मला आजही वाईट वाटतं. तेव्हापासून या घरात रीत पडली. पेव उघडलं की घरच्या बाईनं दोरीला दिवा बांधून आत सोडायचा. दिवा विझला तर कोणी उतरायचं नाही. दिवा तेवला तर लक्ष्मीनं हो म्हटलं. असे कितीतरी दिवे मी पाहिले.

आता खुशालरावाची गोष्ट. माझ्यापुढे सगळी पोरंच, म्हणून अरेतुरे करतो, राग मानू नका. खुशालराव म्हणजे माझा हल्लीचा मालक. मनानं चांगला, हातानं कष्टाळू, पण एखादी गोष्ट डोक्यात शिरली की बाहेरची वाट तिला सापडत नसे. त्याची बायको मनकर्णा. ती कमी बोले, आणि बोले ते बहुधा खरं निघे. ही सवय नवऱ्यांना फारशी आवडत नाही.

सातासमुद्रापलीकडे कुठेतरी लढाई जुंपली आणि इकडे वऱ्हाडात कापसाला सोन्याचे दिवस आले. लढणारे कोण, कशासाठी, हे गावात कोणाला सांगता आलं नसतं. पण ती लढाई चालू राहावी म्हणून मारुतीला नारळ फुटत होते. ज्यांच्या अंगावर धड बंडी नव्हती, त्यांच्या बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या आल्या. अमरावतीच्या बाजारातून खुशालराव परत आला तो चालण्याची ढब बदलूनच. पूर्वी खाली बघून चालायचा, आता समोर बघून. त्यामुळे दोनदा माझ्या झाकणाला ठेचकाळला.

त्या साली त्यानं दोन गोष्टी ठरवल्या. एक, पेरा सगळा कापसाचा. ज्वारीला एक ओळही नाही. दुसरी, गाव सोडून अमरावतीच्या गाडीवाटेवर, काळीत, नवं घर बांधायचं. म्हणजे बोंडं दारातून गाडीत आणि गाडी दारातून बाजारात. मनकर्णा म्हणाली, काळीत घर कोणी बांधलं नाही. तो म्हणाला, म्हणूनच आपण बांधू. गेल्या उन्हाळ्यात त्याच वावरातल्या भेगेत तिच्या गायीचं वासरू पायानं अडकलं होतं. त्याची आठवण करून देऊन ती एवढंच बोलली, "ज्या भुईनं वासराचा पाय धरला, तिच्यावर मी चूल मांडू?"

खुशालराव हसला. शेजारचा नत्थुजी माळी नदीकाठी वांगी-मिरच्या लावायचा. त्यानंही कानकोंडं होत तेच सांगून पाहिलं, तर त्याला उलट उपदेश मिळाला, की वाफे मोडा आणि कापूस लावा. नत्थुजीनं वाफे मोडले नाहीत. मोठ्या माणसाच्या हो ला हो म्हणावं आणि घरी येऊन आपलंच करावं, ही त्याची जुनी रीत.

घर झालं. उंच ओटा, सागवानी खांब, दारावर कोरीव मोर. अंगणात विहीर खणली, तर पाणी मिठासारखं खारं. त्यात तुरीची डाळ शिजेना, नुसती टणटण उड्या मारी. मग रोज गावच्या झिऱ्यावरून पाण्याच्या घागरी नव्या घराकडे जाऊ लागल्या. माणूस पुढे गेला तरी पाणी मागेच राहिलं होतं, पण खुशालरावाला ते दिसत नव्हतं, कारण घागर त्याच्या डोक्यावर नव्हती.

इथवर मला हसू येत होतं. मग त्यानं नव्या अंगणात नवं पेव खोदलं. वैशाखाचं ऊन, काळी दगडासारखी कडक झालेली. खोदणाऱ्यांच्या कुदळी वाकल्या. खुशालराव सगळ्यांना दाखवत फिरला, की बघा, पांढरीपेक्षा हिची भिंत पक्की. आणि एका सकाळी गाड्या माझ्या दारात उभ्या राहिल्या. माझ्या पोटातली ज्वारी काढून त्या माझ्या धाकट्या भावाला द्यायची होती.

मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. पण त्याहून जास्त काळजी वाटली. गावात त्या साली ज्वारी जवळजवळ कोणीच पेरली नव्हती. खुशालरावाचं बघून सगळ्यांनी काळी कापसाला दिली होती. माझ्यात जे होतं, तेच घराचं वर्षाचं अन्न. लेक जमुना पहिल्या बाळंतपणाला आषाढात यायची होती.

पहिल्या दिवशी मनकर्णानं दिवा सोडला, तो तेवला. गडी उतरले, वरची निम्मी ज्वारी गेली. दुसऱ्या दिवशी तिनं पुन्हा दिवा सोडला. तो निम्म्या वाटेवर आला आणि विझला. खुशालराव थांबला. तिसऱ्या दिवशी सोडला, तोही विझला. आणि मी तर मोकळा श्वास घेत होतो, पहिल्या दिवसापासून माझं तोंड उघडंच होतं. मग मी दिवा जवळून पाहिला. पणतीत तेल म्हणायला एक टिपूस, आणि वात टोकाखाली पाण्यात भिजवलेली. वर मनकर्णा दोरी धरून उभी होती, चेहऱ्यावर काही नाही.

गंमत बघा. पांढरीची रीत ज्यानं हसण्यावारी नेली, दिव्याची रीत मोडायची त्याची छाती झाली नाही. खांद्यावरच्या उपरण्यानं घाम पुसत म्हणाला, खाली राहिलेली किडकीच असेल. राहू दे. गडी गाड्या घेऊन गेले. मनकर्णानं कडब्याच्या पेंढ्या आत टाकल्या, झाकण लावलं, वर माती लिंपली. जाताना झाकणावर हात ठेवला. तेवढ्या स्पर्शात तिनं मला काय सांगितलं ते मला कळलं. मी तोंड बंद ठेवलं. तेच तर माझं काम.

मग पाऊस आला. आमच्याकडे येतो तसाच, पण काळी त्याची वाटच पाहत असते. पोटभर पाणी पिऊन ती फुगली. नव्या घराच्या भिंतीला आधी केसाएवढी रेघ गेली, मग बोट जाईल अशी, मग पंजा. दारावरचा मोर मान वाकडी करून बसला. अंगणातल्या माझ्या धाकट्या भावाच्या भिंतीला ओल सुटली आणि एक बाजू आत बसली. झाकण उघडलं तेव्हा वास ओट्यापर्यंत आला. ज्वारी फुगून, आंबून, चिखलात मिसळली होती. बैलांनीसुद्धा तोंड लावलं नाही.

जमुना दिवस भरून घरात होती. गावात मागावी तर ज्याच्या त्याच्या घरात शेवटच्या दुरड्या. खुशालरावानं रुपयांनी भरलेला कसा कमरेला बांधला, गाडी जुंपली आणि अमरावतीला निघाला. चाकं नाल्यापाशी मधल्या तुंब्यापर्यंत काळीत रुतली. चांदीच्या शेंब्यांचे बैल गुडघे टेकून बसले. पलीकडे नाला दुथडी भरून. नत्थुजीनं आपल्या वाफ्यांतून ते पाहिलं, दोर घेऊन आला, दोघांनी बैल सोडवले. गाडी तिथेच राहिली. आपण रीत मोडली असं खुशालराव त्याला म्हणाला नाही, आणि सांगितलं होतं ना, असं नत्थुजीही म्हणाला नाही. शेजारधर्म याला म्हणतात.

संध्याकाळी तो चिखलानं मांड्यांपर्यंत माखलेला, कमरेचा कसा तसाच भरलेला, किडकी तर किडकी म्हणून माझ्यापाशी आला. मागून मनकर्णा आली. तिनं पदर खोचला. माती उकरली, झाकण सरकवलं, वारा खेळू दिला. नत्थुजीची बायको दुरून पाहत होती. मग मनकर्णानं पणती काढली. या वेळी तेल काठोकाठ होतं, वात कोरडी होती. दोरी सुटत गेली. दिवा माझ्या गळ्यातून उतरला, पोटात आला, कडब्यावर टेकला आणि स्थिर जळत राहिला.

खुशालराव वाकून पाहत होता.

"उन्हाळ्यात तर विझत होता," तो म्हणाला.

"तवा तेल नव्हतं," मनकर्णा म्हणाली.

"मंग मले काहून नाई सांगतलं?"

"सांगतलं असतं, तं तुमी हेबी घेऊन गेले असते."

त्यानं गड्याला हाक मारली नाही. धोतराचा काचा मारला आणि स्वतःच आत उतरला. तरणा होता तेव्हा उतरला होता, त्यानंतर आजच. त्यानं पेंढ्या बाजूला केल्या. खाली ज्वारी होती, कोरडी, टपोरी, जशी भरली होती तशी. त्यानं दोन्ही हात कोपरापर्यंत आत घातले आणि तसाच बसून राहिला. वरून मनकर्णा विचारत होती, टोपलं सोडू का. तो उत्तर देईना. तिच्या आवाजात काळजी आली, दिवा तर जळतोय मग हे काय. ते काय होतं ते फक्त मला माहीत आहे. मोठा, मिशीवाला माणूस ज्वारीवर कपाळ टेकून "माय वं" म्हणत होता, आणि मिशीतून थेंब दाण्यांवर पडत होते. एवढी ओल मी चालवून घेतली.

मग तो वर ओरडला, सोड टोपलं.

त्या ज्वारीवर ते घर तरलं, आणि एकेक पायली करत शेजारची दोनचार घरंही. बदल्यात नत्थुजीच्या वाफ्यातून वांगी यायची. श्रावणात जमुनेला मुलगी झाली. बाराव्या दिवशी तिला माझ्याजवळ आणलं आणि झाकणाला हळदकुंकू लावलं. इतक्या वर्षांत माझ्या दगडाला कुंकू लागायचं ते असं लागलं.

ती लढाई पुढे संपली म्हणतात. कापसाचे भाव खाली आले, शेंब्या शिंगांवरून उतरल्या. नव्या घराचे सागवानी खांब गाडीवर लादून परत पांढरीत आले, मोरही आला, अजून वाकड्याच मानेचा. आता बडनेऱ्याकडे आगगाडीचा धूर दिसतो. लोक म्हणतात, दाणा बाराही महिने गाडीनं येईल, पेवांची कटकट हवी कशाला. गावातली निम्मी पेवं बुजवली, काहींत उकिरडा टाकतात. माझे बरोबरीचे एकेक करून गप्प झाले.

माझा नंबर कधी लागेल ते मला माहीत नाही. एवढंच मागतो, बुजवायचंच असेल तर बुजवा, पण आधी एकदा मृगात काळीतून गाडी नेऊन पाहा, आणि मग बुजवा.

तोवर माझं बरं चाललंय. दरसाल कापसाची पहिली गाडी निघायच्या आधी खुशालराव माझं पोट ज्वारीनं भरतो. पारावर बसून काळी आणि पांढरीचा फरक नव्या पोरांना असा समजावतो, की जणू त्यानंच तो शोधला. मनकर्णा ऐकते आणि पदर तोंडाला लावते. पेव उघडायचा दिवस आला की दिवा अजून तीच सोडते, रीतच आहे ती. तेल मात्र आता खुशालराव स्वतः घालतो.