बुधवारची येसूबाई

"काठा बांधिला मातीनं गो, मांडव बांधिला पानानं,
लेक बांधिली शब्दानं गो, शब्द राखा मानानं…"

येसूमावशीचा हा आवाज पन्नास-बावन्न वर्षांपूर्वी रामचंद्राच्या कानात शिरला, तो पुन्हा निघालाच नाही. वाघखार गावातला कुठलासा मांडव होता. लग्न कुणाचं ते आता आठवत नाही, पण हळदीनं पिवळ्या झालेल्या बायकांच्या मधोमध मावशी पाटावर बसलेली आठवते. ती गावची धवलारीण. आगऱ्यांच्या लग्नात धवलारणीचा मान भटजीच्या बरोबरीचा. तिनं धवल्याची गाणी लावल्याशिवाय नवरीला हळद चढायची नाही. तिचा आवाज काही गोड नव्हता. दिवसभर मिठागरात उभ्या राहणाऱ्या बाईचा तो आवाज, खारवलेला, जाडसर. पण तो लागला की मांडवातली भांडणंसुद्धा गप खाली बसायची, आणि लहानगा रामा मावशीच्या मांडीला टेकून पेंगायचा.

आता साठीचा झालेला रामचंद्र अलिबागेत 'दैनिक खाडीकाठ'च्या कचेरीत बसल्या बसल्या पेंगत होता, पण ही पेंग वेगळी होती. सव्वीस वर्षं तो या पेपराचं चौथं पान लावत आला होता. म्हणजे अग्रलेख, त्याखाली दोन लेख, उजव्या अंगाला वाचकांची पत्रं. अग्रलेखाखाली नाव नसतं; तो पेपराचा म्हणायचा, लिहायचा मात्र रामचंद्र. रस्त्यांवर लिहून झालं, मासळीच्या भावावर झालं, रेवसच्या लाँचवर झालं. खड्डे होते तिथेच राहिले, याचे केस तेवढे गेले.

लोक चौथ्या पानावर थांबायचे ते फक्त बुधवारी. त्या दिवशी 'काठ्यावरून' हे सदर यायचं आणि त्याखाली नाव असायचं येसूबाईचं. एकोणीस वर्षांपूर्वी रामचंद्रानंच ते सुरू केलं. दर सोमवारी एसटीनं वाघखारला जायचं, मावशी कोळंबी सोलता सोलता बोलायची, हा उतरवून घ्यायचा. तिला लिहितावाचता येत नव्हतं. बोलणं संपलं की ती हात पदराला पुसून म्हणायची, "येवरं लिही." रेवसहून भाऊच्या धक्क्याला जाणारे लोक लाँचमध्ये तेवढंच वाचून पेपर घडी घालून बुडाखाली घेत.

महिनाअखेरीस रामचंद्र निवृत्त होणार होता. त्याच्या खुर्चीवर रुचिका येणार, हेही ठरलं होतं. दोन वर्षं त्याच्या हाताखाली काम केलेली ही पोर हुशार होती आणि जिभेनं तिखट. पेपराचे मालक अल्पेशशेठ यांनी फर्मान काढलं की सरांच्या शेवटच्या बुधवारी येसूबाईचा आवाजच वाचकांना ऐकवायचा. मुलाखत घ्या, वाचकांच्या फोनवर टाका. रामचंद्रानं सांगून पाहिलं की मावशी ऐंशीची आहे, घसा बसलाय, कमी ऐकू येतं. रुचिका म्हणाली, मग आपण मोठ्यानं बोलू.

भीती मावशीच्या घशाची नव्हतीच.

चौदा वर्षांपूर्वी श्रावणातल्या उधाणानं वाघखारचा काठा फोडला. खाडीचं खारं पाणी भातशेतीत शिरू नये म्हणून घातलेला मातीचा बांध, त्याला गावात काठा म्हणतात. तो फुटला की गावकी बसायची, घरटी एक माणूस ओहोटीच्या वेळी चिखलात उतरायचा आणि सगळे मिळून भगदाड बुजवायचे. पणज्यांपासूनची रीत. पण त्या वर्षी एक कंपनी गोदामांसाठी ती जमीन मागत होती. रामचंद्राला मनापासून वाटत होतं की आता पुरे. त्याच्या बापाचे पाय काठ्याच्या चिखलानं कुजवले होते. पोरांनी तेच करावं का? त्यानं तीन अग्रलेख लिहिले. वाघखारमध्ये एकानंही वाचले नाहीत.

त्या सोमवारी मावशी म्हणाली, "काठा बांधा. घरटी एक मानूस उतरवा. दर्या एकदा घरात घेतला का मंग तो भायेर जात न्हाय. येवरं लिही."

रामचंद्र कचेरीत आला आणि उलटं लिहिलं. काठा सोडा, जमीन द्या, पोरांना चाकऱ्या मागा. मावशीच्या बोलीत, मावशीच्या ठेक्यात, तिच्याच मिठागराचे दाखले देऊन. आयुष्यात तितकं चांगलं तो पुन्हा कधी लिहू शकला नाही. खाली नाव टाकलं येसूबाई. कुणी दडपण आणलं नव्हतं, शेठनंही नाही. तेवढी तरी पळवाट असती तर बरं झालं असतं.

गावकीत ते कात्रण कुणीतरी मोठ्यानं वाचलं. मावशी तिथेच बसली होती. धवलारणीचा शब्द म्हणून हात वर झाले आणि काठा तसाच सोडला. दोन वर्षांत कंपनी दुसरीकडे गेली. भात होतं तिथे आता तिवरांचं रान माजलंय आणि भरतीला पाणी थेट गावातल्या दगडी पाखाडीपर्यंत येतं.

मावशीनं त्याला कधीच काही विचारलं नाही. सोमवार चालू राहिले. ती कोळंबीवर बोलायची, उन्हावर, सुनेच्या हातच्या भाकरीवर. 'लिही' मात्र त्यानंतर कधी म्हणाली नाही. आणि त्यानंही कधी काही सांगितलं नाही. या सोमवारी सांगू, पुढच्या सोमवारी सांगू, असं करत चौदा वर्षं गेली. आता तिनं फोनपुढे खरं सांगितलं, तर त्याची सव्वीस वर्षं एका दुपारी वाहून जाणार होती. आणि नाही सांगितलं, तर ते खोटं तिच्याच आवाजात कायमचं राहणार होतं. यातलं कशाला जास्त भ्यावं, हे त्याला ठरवता येत नव्हतं. इतका तो थकला होता.

सोमवारी दुपारी रुचिकाच्या स्कूटरवर मागे बसून तो निघाला. पहिल्याच खड्ड्यात तो तिच्या खांद्यावर आदळला.

"सर, धरून बसा. चौथं पान रस्त्यावर सांडेल."

"सांडू दे. उचलायला कोणी थांबणार नाही."

मावशी ओटीवर सुक्या करंदीतला, म्हणजे बारक्या कोळंबीतला, कचरा निवडत बसली होती. घर नवं, स्लॅबचं. मुलगा शिवदास ट्रेलर चालवतो, त्यातून उभं राहिलेलं. तो फेरीवर गेला होता. सून कमळ आत चहा टाकत होती. मावशीनं डोळे बारीक करून रुचिकाकडे पाहिलं.

"रामा, ही कोन रं?"

"माझ्या जागेवर येणार आहे, मावशी."

"म्हंजे हीपन बसून बसूनच खानार."

रुचिका खळखळून हसली आणि तिथेच मावशीला आवडून गेली. तिनं फोन मांडीजवळच्या पाटावर ठेवला आणि रेकॉर्डिंग चालू केलं. मिठागराचं विचारलं, लहानपणाचं विचारलं. मावशी रंगून बोलली. मिठाच्या वाफ्यात उभं राहिलं की उन्हात खालीही आभाळ दिसायचं, पाय आभाळात आणि डोकं तापलेलं, असं काहीबाही सांगत राहिली. रामचंद्र भिंतीला टेकून ऐकत होता. बराच वेळ सगळं सुखरूप चाललं होतं. मग रुचिका म्हणाली, आजी, एक धवला म्हणा ना.

"घसा बसला गो, बाय."

हेच उत्तर रामचंद्र चौदा वर्षं ऐकत आला होता. दर दोन महिन्यांनी अलिबागेतून तो तिच्यासाठी ज्येष्ठमध आणायचा. आजही खिशात पुडी होती.

कमळ चहाचे कप घेऊन उंबऱ्यात उभी होती. "कसला घसा बसतोय? सकालच्याला कोंबऱ्यांना हाका मारते तवा वरच्या आलीत ऐकू जातं. दादा आनतात त्यो ज्येष्ठमध आमी चहात टाकतो."

"कमल, आत जा," मावशी म्हणाली.

कमळ गेली नाही. कप खाली ठेवले आणि रुचिकाकडे बघून बोलायला लागली, बरेच दिवस कुणीतरी विचारायची वाट पाहत असल्यासारखी. हिनं पेपरात काठा सोडा सांगितलं आणि गावाचं भात गेलं. तेव्हापासून एकाही मांडवात हिला पाट मांडला नाही. हिच्या तोंडचा शब्द नवरीच्या अंगावर नको, असं बायका म्हणतात. समोरून आली तर वाट बदलतात.

"माझ्या नंदंच्या पोरीचं लगीन झालं. ही सख्खी आजी. तिथं धवला मोबाइलवर लावला, स्पीकरच्या पेटीतून. ही मागल्या दारी भांडी घासत बसलेली."

रामचंद्राला आजवर वाटत आलं होतं की आपण गावाची जमीन बुडवली. त्या ओझ्याची त्याला सवयही झाली होती. तिवरांचं रान लांबून दिसायचं, त्याच्यावर कधीतरी एखादा हळवा लेखही लिहिता यायचा. हे मात्र त्याच्यासमोर, हाताच्या अंतरावर, दर सोमवारी बसलेलं होतं. आणि त्यानं त्याला ज्येष्ठमध आणून दिला होता.

रुचिकानं आवाज खाली आणला. "आजी, मग तुम्ही तेव्हा तसं का सांगितलंत?"

मावशीचा हात करंदीच्या सुपात थांबला. तिनं रामचंद्राकडे पाहिलं नाही. मुद्दाम पाहिलं नाही, हे त्याला कळलं. गावकीतही ती अशीच समोर बघत बसली असेल, आपलं नाव आणि परक्याचे शब्द ऐकत. आणि एक वाक्य बोलली असती तर बहिणीचा मुलगा खोटा पडला असता.

"सांगितलं आसंल," मावशी म्हणाली. "मानूस बोलून जातं. माझ्या नावाचं हाय म्हंजे माझंच." तिनं एक काडी निवडून बाहेर टाकली. "फोन बंद कर गो. चहा निवला."

रुचिकानं हात पुढे केला. रामचंद्रानं फोनवर आपला पंजा ठेवला.

"बंद करू नको."

त्याचा आवाज त्यालाच अनोळखी वाटला, खारवलेला आणि जाडसर. मावशी म्हणाली, "रामा, ऱ्हाऊ दे." त्यानं मान हलवली.

"बुधवारी सदरात हेच लाव, रुचिका. खाली रामचंद्र घरत असं नाव घाल, शेठ काय म्हणायचं ते म्हणोत. त्या सोमवारी मी इथंच बसलो होतो, या भिंतीला. मावशी म्हणाली होती, काठा बांधा, घरटी एक माणूस उतरवा. दोनदा म्हणाली. ते मी लिहिलं नाही. काठा सोडा हे माझं म्हणणं होतं. माझं कुणी वाचत नव्हतं, म्हणून मी माझं लिहिलं आणि खाली तिचं नाव टाकलं."