डावी बाजू शाबूत

शनिवारची सुट्टी मागितली म्हणून मला अर्धांगवायूचा झटका आला.

मला म्हणजे, मी चार वर्षं मालिकेत जी सासू करते तिला. खरी मी ठणठणीत आहे. दोन जिने चढून जाते आणि वर पोचल्यावर भांडायलाही दम उरतो. पण मालिकेत नटीने तोंड उघडलं की तिच्या पात्राचं तोंड बंद करायची सोय असते आणि ती आमच्या निर्मात्याला फार आवडते. माझ्याआधी त्याने एका जावेला परदेशी धाडलं होतं, एका दिराची स्मृती घालवली होती.

ज्या नाटक कंपनीत मी सुरुवात केली, तिथे दर शनिवारी संध्याकाळी माझा प्रयोग असतो. लहानसं थिएटर. खुर्च्या कुरकुरतात, पंखा नेमका शांत प्रसंगात खडखडतो. नाटकात आम्ही दोघीच, आणि त्यातही अर्ध्याहून जास्त मीच बोलते. निर्मात्याने नवा करार आणला, त्यात हा शनिवार त्याने स्वतःकडे घेतला होता.

"ताई, तिथे येऊन येऊन माणसं किती येतात? इथे घराघरात दिसता तुम्ही."

"इथे दिसते. तिथे ऐकू येते," मी म्हणाले. "शनिवार देणार नाही."

"हट्ट करू नका."

"हट्टच आहे. तसाच समजा."

मी सही केली नाही. जुन्या करारात शनिवार मोकळा होता, पण 'कथेची गरज पडल्यास' शनिवारीही यावं लागेल अशी त्यात एक ओळ होती. पुढच्याच आठवड्यात कथेला गरज पडली. आमच्याकडे कथा ठरवणाऱ्या मुलीला सगळे क्रिएटिव्ह म्हणतात. ती बिचारी खाली मान घालून सांगायला आली.

"ताई, तुम्ही जिन्यावरून पडता. उजवी बाजू जाते. वाचाही जाते."

"आणि शनिवारी?"

"शनिवारी प्रत्येक प्रसंगात मागे तुमचा पलंग दिसायला हवाय म्हणे."

आमच्या सेटवरचा तो जिना कुठेच जात नाही. वर गेलं की प्लायवूड लागतं. माझ्याऐवजी दुसरीच कोणी त्यावरून गडगडली आणि खाली मी जाऊन पडले. निर्मात्याचा हिशोब सरळ होता. तोंडाळ बाई, आडवी पडून किती दिवस गप्प राहील? येईल नाक घासत. फक्त मी सुरुवात कशी केली हे त्याने कधी विचारलं नव्हतं.

मी कंपनीत जायला निघाले तेव्हा दादा दारात आडवा उभा राहिला. "आजपासून तू आम्हाला मेलीस," म्हणाला. मी त्याच्या हाताखालून वाकून बाहेर पडले. कंपनीत पहिलं काम मिळालं तेही प्रेताचं. घरी मेले आणि रंगमंचावरही मेले, दोन्हीकडचा निकाल एकदमच लागला.

पडदा उघडला की मी मधोमध पडलेली आणि नातेवाईक माझ्याभोवती वाटणीवरून भांडतायत. अख्खा अंक हेच. कंपनीचे मालक स्वतः तालीम घ्यायचे. "श्वास पोटात घे, छाती हलता कामा नये," ते म्हणाले. "आणि पडायचं म्हणजे झोपायचं नाही. ती मेलीय, तू नाही." एका प्रयोगात माझ्या नाकावर माशी बसली. मी हलले नाही. मिटल्या पापण्यांच्या फटीतून पहिल्या रांगेतली एक बाई दिसत होती, ती स्वतःचंच नाक चोळत होती. वर दोन नामवंत नट गळा काढून भांडत होते आणि लोक बघत होते माझ्याकडे. त्या संध्याकाळी मला हे काम सोडायचं नाही हे पक्कं कळलं.

मग वाक्यं मिळाली, भूमिका मिळाल्या, गावोगावच्या मागच्या रांगांपर्यंत आवाज पोचला. सिनेमात गेले तर तिथे उलटा न्याय. आवाज खाली, हात खाली, भुवया खाली. "बाई, कॅमेरा तुमच्या नाकाशी आहे, ओरडता कशाला?" पहिल्या सिनेमात माझं सगळं काम कापलं, फक्त खिडकीतून बघतानाचं तेवढं राहिलं. मला इतका राग आला की दुसऱ्या सिनेमात मी नुसती बघूनच काम केलं. पापणी कधी पाडायची आणि कधी नाही, हे तिथे शिकले. आया केल्या, मावश्या केल्या, नर्सेस तर किती केल्या. मग मालिका आली आणि पोटापाण्याची ददात मिटली. मालिकेने मला घर दिलं, हे मी कुणापुढेही कबूल करीन. शनिवार मात्र तिने दिलेला नव्हता. तो मी तिच्याआधीच कमावला होता.

तर मी पडले. थिएटरच्या दारावर 'आजचा प्रयोग रद्द' अशी पाटी लागली, पुढच्या शनिवारी पुन्हा तीच लागली. मी पलंगावर पडून छतावरच्या दिव्यांना मनातल्या मनात शिव्या घालत होते. तशात वहिनीचा फोन आला. दादा आजतागायत माझ्याशी एक अक्षर बोललेला नाही, पण माझी मालिका चुकवत नाही, हे मला वहिनीकडूनच कळायचं.

"वन्सं, तुम्ही बऱ्या आहात ना? हे दोन दिवस नीट जेवले नाहीत."

"वहिनी, मी तुमच्याशी बोलतेय ना?"

"मला कळतं हो. यांना पटत नाही. म्हणतात, चेहरा कसा पडलाय बघ तिचा."

"मग शनिवारी नाटकाला घेऊन या, म्हणजे पटेल," मी बोलून गेले आणि जीभ चावली. शनिवार होता कुठे माझ्याकडे? फोन ठेवला आणि मला रडू आलं. रागाचंच, पण आलं.

दुसऱ्या दिवशी किल्ल्यांचा प्रसंग होता. सून माझ्या लुळ्या हातातून घराच्या किल्ल्या काढून घेते आणि तिथून घर तिचं. म्हणजे मी कायमची मागच्या पलंगावर. त्यात आमची बँक संपली होती. बँक म्हणजे आधी चित्रित करून ठेवलेले भाग. ती संपली की दुपारी केलेलं काम संध्याकाळी लोकांना दिसतं, पुन्हा करायला वेळच नसतो.

"किल्ल्या कुठल्या हातात घेऊ?" मी दिग्दर्शकाला विचारलं.

"कुठल्याही घ्या ताई, आवरा."

मी डाव्या हातात घेतल्या.

आमची सूनबाई, तिला सेटबाहेरही सगळे सूनबाईच म्हणतात, गोड पोरगी आहे. ती वाकली, "आई, आता विश्रांती घ्या," म्हणाली आणि जुडगा ओढला. जुडगा आला नाही. तिला वाटलं कुठे अडकला. तिने हसत पुन्हा ओढला. मी श्वास पोटात घेतला आणि तिच्याकडे बघत राहिले. पापणी पाडली नाही. तिचं हसू आधी ओठांवरून गेलं, मग डोळ्यांतून. तिने दोन्ही हात लावले. "आई, सोडा ना," म्हणाली. हे तिला कुणी लिहून दिलेलं नव्हतं. मी एकेक बोट आणखी आवळलं. दिग्दर्शक कट म्हणायला विसरला की त्याने मुद्दाम म्हटलंच नाही, हे मी अजून त्याला विचारलेलं नाही. शेवटी तीच हात काढून मागे सरली, आणि मग मी डोळे मिटले, माझ्या सोयीने.

"ताई, हे असं नव्हतं," दिग्दर्शक म्हणाला.

"उजवी बाजू गेलीय. डावीचं कुणी काही लिहिलेलं नाही."

त्याने घड्याळ बघितलं आणि म्हणाला, जाऊ द्या हेच.

दोन दिवसांनी निर्माता स्वतः सेटवर आला. पलंगाशेजारी खुर्ची ओढून बसला, एखाद्या आजाऱ्याला भेटायला यावं तसा.

"कमाल केलीत ताई. वाहिनीवाले खूश आहेत. लोक म्हणतायत, बाईंना उठवा. सोमवारी नवा डॉक्टर आणतो, वाचा परत देतो तुम्हाला."

"आणि शनिवार?"

"उठलात की सगळी कथा तुमच्याभोवती. शनिवार कसा देऊ?"

"मग राहू दे. वाचा माझी मला आहे, तुमच्याकडून उसनी नको."

"म्हणजे पडूनच राहणार?"

"पडूनच. शुक्रवारी माझे डोळे हवे तितके घ्या. शनिवारी पलंगावर एक लोड ठेवा, त्यावर पांघरूण, त्याला माझा विग. कॅमेरा मागून लावा. लोडालाही जमेल असं पात्र तुम्हीच करून ठेवलंय."

"लोकांच्या लक्षात येईल."

"चार वर्षं लोक तो जिना कुठेतरी जातो असं धरून चाललेत."

त्याने वळून त्या जिन्याकडे बघितलं. "फार खाष्ट बाई आहात तुम्ही," म्हणाला. मी म्हटलं, त्यासाठीच तर घेतलीत. करारात त्याने स्वतःच्या हाताने लिहिलं, शनिवारी लोड.

त्या शनिवारी तिसरी घंटा झाली तेव्हा सेटवर लोड माझा विग घालून गुपचूप पडला होता आणि मी रंगमंचावर उभी होते. पडदा उघडला. पंखा खडखडला. मी पहिलं वाक्य फेकलं ते थेट शेवटच्या रांगेवर, कारण तिथे वहिनी बसली होती आणि तिच्या शेजारी मान पुढे काढून एक पांढऱ्या केसांचा माणूस.

प्रयोगानंतर मेकअप रूमच्या दारात दादा येऊन उभा राहिला. तसाच, आडवा.

"मला वाटलं, तू…" म्हणाला.

"मेले? ते तू मागेच सांगून टाकलंयस," मी म्हणाले. "आता आत येतोस की दारच अडवून ठेवतोस?"

तो आत आला. खुर्चीवर माझे कपडे पडले होते, त्यांच्यावरच बसला. आरशात बघत होता, माझ्याकडे सरळ नाही. म्हणाला, "मागे ऐकू येत होतं. सगळं."

"येणारच," मी म्हणाले आणि चेहऱ्यावरचा रंग पुसायला घेतला.