नजरेनं घेतलेलं माप

वरून चौथं बटण. चार भोकांतून दोरा फुलीसारखा गेलेला, मागे तीन गाठी — म्हणजे दुकानातल्या कारागिराचं काम नव्हे, खुद्द वडिलांच्या हातचं. त्यानं ते बोटांत फिरवून पाहिलं, पुन्हा पाहिलं... शर्ट काही चावत नाही हे कळत होतं, तरी.

शर्ट दोन होते. एक त्याला, एक मास्तरला — ज्याच्याबरोबर तो नऊ वर्षं संसार करत होता आणि शेजाऱ्यांना ‘रूम पार्टनर’ म्हणून सांगत होता, त्या मास्तरला. सकाळी बहीण ते देऊन गेली. बाबांनी दोघांनाही दुपारी जेवायला बोलावलंय म्हणाली, आणि चहासुद्धा न घेता सटकली. का सटकली?

कोर्टाचा निकाल लागून तीन महिने झाले होते. दोन पुरुषांनी असं राहणं आता गुन्हा नव्हता. पण कोर्टानं सांगितलं म्हणून शिंप्याचं मन पालटतं होय? नऊ वर्षांपूर्वीही असंच ‘फक्त जेवायला’ बोलावलं होतं. ताटं मांडलेलीच नव्हती. बैठकीत धर्मसभेतले पाच जण बसले होते, याला सुधारायला. आणि वडील कोपऱ्यात मशीनपाशी, मान खाली घालून सुईत दोरा ओवत... ओवतच राहिले. त्या सुईला नेढं नव्हतं की काय.

मास्तरनं शर्ट चढवला. अंगावरच शिवल्यासारखा बसला. त्याचा डावा खांदा बोटभर उतरता आहे, तोसुद्धा सांभाळलेला. यानं तो उतार बोटानं चाचपून पाहिला. हा स्वतः लॅबमध्ये दातांच्या कवळ्या करणारा माणूस. तोंडाचा ठसा घेतल्याशिवाय एक दात बसत नाही हे याला ठाऊक.

"तू भेटलास त्यांना?"

"नाही बुवा," मास्तर आरशात बघत म्हणाला. "पण मध्यंतरी शाळेसमोरच्या बसथांब्यावर एक म्हातारा बसायचा. आठवडाभर. एकही बस पकडायचा नाही."

वडील नजरेनं माप घेत, गिऱ्हाईक दारातून आत येईपर्यंत. पण असा खांदा एका नजरेत सापडत नाही; माणूस चालताना, वह्या उचलताना, पाठमोरा, पुन्हा पुन्हा बघावा लागतो. म्हणजे पाळत ठेवली. शाळा कुठली, सुटते किती वाजता, सगळं काढून ठेवलंय. संस्थेच्या कानावर एक शब्द गेला की मास्तरची नोकरी गेली, तिथे कुठलं कोर्ट येणार होतं? शर्ट पाठवून आधी गाफील करायचं, आणि बैठकीत पुन्हा ते पाच जण... नाही, त्यांतले दोघे वारले. तिघे तर असतीलच.

"जायचं ना?" मास्तर बाह्या सारख्या करत होता. खूश होता गाढव.

त्यानं आपला शर्ट चढवला. खांदे बरोबर. छातीत काचत होता. चौथं बटण तर काजापर्यंत पोचेना. मध्ये पोट आलं होतं, नऊ वर्षांत सुटलेलं. हे माप दुकानातल्या जुन्या मापांच्या वहीतलं होतं. घर सोडलं तेव्हाचं.

त्याची लॅब वडिलांच्या दुकानापासून दोन गल्ल्यांवर. रस्त्यालगतच्या काचेमागे तो दिवसभर बसलेला असतो, कुणालाही दिसेल असा. परक्या माणसाकडे ते आठवडाभर डोळे लावून बसले, आणि मी... माझ्याकडे एकदाही मान वर करून बघवलं नाही त्यांना?

आजही बघितलं नाही तर?

त्या तिघांची भीती कधी ओसरली हे त्याला कळलंसुद्धा नाही. आता ही एकच उरली होती. त्यानं श्वास आत ओढला, बटण काजात सरकवलं, आणि श्वास सोडावा की न सोडावा हे न ठरवता तसाच उभा राहिला.