अकरा दिवस बंदरात

"हे हॉटेल नको," दादा म्हणाला. तिसऱ्यांदा.

"का रे? खिडकीतून समुद्र दिसतो, खाली बाजार आहे, लिफ्ट आहे. तुझ्या गुडघ्यांकडे बघून शोधलंय मी."

"त्या बाजूला डास फार."

"अठ्ठेचाळीस वर्षांपूर्वीचे डास अजून तुझी वाट बघत बसलेत होय?" ताईने चष्मा कपाळावर चढवला.

दादा हसला नाही. उठला, खिडकीशी गेला, परत आला, खुर्चीच्या पाठीवर दोन्ही हात ठेवून उभा राहिला आणि पुन्हा खिडकीशी गेला. पंधरा दिवस हेच चाललं होतं. पायाला भिंगरी लागल्यासारखा माणूस घरभर फिरत होता. आधी ठरवलेला महिना म्हणे पावसाचा होता. महिना बदलला, तर विमान भलत्या वेळेचं निघालं. विमान बदललं, तर त्याच्या पाठीत उसण भरली. बॅग मात्र त्यानेच सगळ्यात आधी भरली होती, आणि रोज सकाळी ती उपसून पुन्हा भरत होता. जायचंय म्हणावं तर पाय निघेना, नको म्हणावं तर तेही तोंडाने म्हणेना.

ताई एका मोठ्या हॉस्पिटलच्या लॅबमध्ये रक्त घ्यायचं काम करी. तेहतीस वर्षं. कितीही बारीक शीर असो, बोटाच्या टोकाने चाचपून पहिल्याच सुईत सापडायची. सगळं हॉस्पिटल तिला ताई म्हणे. घरी दादा तिच्यापेक्षा बारा वर्षांनी मोठा, त्यामुळे सत्तावन्न वर्षांची ही बाई त्याच्यासाठी अजून 'बारकी'च होती. तिने लग्न केलं नाही. आईचं आजारपण संपेपर्यंत तो विषयच संपून गेला. वहिनी गेल्यावर दादा तिच्याकडे राहायला आला, तो राहिलाच.

चार महिन्यांनी ती निवृत्त होणार होती. त्याआधी साठलेली रजा काढून आग्नेय आशियातलं ते समुद्रकाठचं शहर बघायचं, आणि तेही दादाबरोबर, हे तिने केव्हाच मनाशी ठरवलं होतं. तरुणपणी दादा मालवाहू जहाजाच्या इंजिनखोलीत फिटर होता. दोनच वर्षं. पुढचा सगळा जन्म शीतगृहाच्या यंत्रांजवळ गेला. पण त्या दोन वर्षांत त्याचं जहाज त्या बंदरात अकरा दिवस थांबलं होतं. तो समुद्रावर असतानाच बाबा गेले. त्यानंतर काही महिन्यांनी तो घरी आला, तेव्हा घर मुकं झालेलं होतं. नऊ वर्षांची बारकी त्याच्या मांडीला टेकून बसली आणि म्हणाली, "दादा, तू काय काय बघितलंस?" मग त्याने सांगितलं. होड्या आल्या की मधोमध उघडणारा पूल. पत्र्याच्या छपराखालचा मासळीबाजार, तिथे बायका इतक्या जोरात भांडतात की मांजरंसुद्धा लांबून जातात. आणि एक घड्याळांचं दुकान, ज्यातलं प्रत्येक घड्याळ वेगळी वेळ दाखवतं, कारण दुकानदाराला उधारी वसूल करायला येणाऱ्यांना घोळात टाकायचं असतं. बाबांच्या मागे त्या घरात पहिल्यांदा कुणी हसलं असेल, तर त्या दुकानावर.

"चल, फॉर्म भरून टाकू," ताई म्हणाली. प्रवासकंपनीतल्या मुलीने तो दोन दिवसांपूर्वीच पाठवला होता. "नाव झालं, जन्मतारीख झाली. यापूर्वी या देशात आला होतात का? तुझं 'हो.' साल सांग."

"नाही लिही."

"नाही कसं लिहू?"

"अगं, कोण बघतंय! लिही आणि मोकळी हो."

"दादा, सरकारी कागद आहे. खोटं लिहिलं तर दारातून परत पाठवतील. साल तरी सांग."

"खोटं नाही ते." दादा खिडकीकडे तोंड करून उभा होता. "मी उतरलोच नव्हतो, बारके."

ताईला वाटलं, आपण काहीतरी चुकीचं ऐकलं.

"अकरा दिवस बंदरात होतो, हे खरं. सगळे पाळीपाळीनं उतरत होते. माझी पाळी सहाव्या दिवशी. पाचव्या दिवशी तार आली. आधी दुसऱ्या बंदरात गेली होती, तिथून फिरत फिरत आली. तोवर बाबांना पोचवून आठवडा झाला होता. कॅप्टन म्हणाला, आता जाऊन तरी काय करणार? सहाव्या दिवशी मित्रांनी बळंबळं कपडे घालायला लावले. म्हणाले, चल, मोकळ्या हवेत बरं वाटेल. शिडीपर्यंत गेलो. चार पायऱ्याच उतरायच्या होत्या. बाप गेला आणि मी नवे कपडे घालून बाजार बघायला चाललो, असं झालं. पाय उचलेना. परत खाली इंजिनात जाऊन बसलो."

"मग पूल? मासळीबाजार?"

"जहाजावरचा आचारी रोज सामान आणायला जायचा. आला की माझ्यापाशी बसून सांगायचा. मला बोलतं करायला बघत होता बिचारा."

"आणि घड्याळांचं दुकान?"

"ते माझं," दादा अगदी हळू म्हणाला. "आचाऱ्याचं सगळं संपलं होतं, आणि तू 'आणखी सांग, आणखी सांग' करत होतीस."

ताई उठली आणि स्वयंपाकघरात गेली. धुतलेलं पातेलं तिने पुन्हा घासायला घेतलं. अठ्ठेचाळीस वर्षं! आणि तिने काय केलं होतं? रक्त द्यायला आलेलं मूल हात आखडून रडायला लागलं, की ती गुडघ्यावर बसायची आणि म्हणायची, "माझा दादा एका गावाला गेला होता, तिथे ना, एक घड्याळवाला होता..." मूल ऐकायला लागलं की सुई आत. शेकडो मुलं झाली असतील. आपण सगळ्यांना थापा मारल्या, आणि आपल्याला पत्ताच नव्हता.

"सांगायचं होतंस," ती पाठमोरीच म्हणाली.

"कधी? तू दहा वर्षांची असताना? की आई अंथरुणावर असताना? तू तिला तेच सांगून जेवायला घालायचीस."

ताईने नळ सोडला, म्हणजे पुढचं ऐकू येणार नाही.

दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये तिचं चित्त नव्हतं. एका आजोबांची शीर दोनदा चुकली. मदतनीस तिच्याकडे बघतच राहिली. दुपारी एक सहा वर्षांची मुलगी आली. आईच्या ओढणीत तोंड खुपसलेलं, दंड पोटाशी घट्ट धरलेला. ताई सवयीने खाली बसली.

"माझा दादा एकदा जहाजावर होता," ती म्हणाली आणि अडली. पुढचं वाक्य जिभेवर होतं, पण सुटेना.

मुलीने ओढणीतून एक डोळा बाहेर काढला. "मग?"

ताईच्या डोळ्यांसमोर एकवीस वर्षांचा मुलगा उभा राहिला. नव्या कपड्यांत, इंजिनाच्या धडधडाटात, एकटा. आणि मग तोच मुलगा, घरी येऊन, स्वतः एक टिपूस न गाळता, लहान बहिणीसाठी एकेक घड्याळ भिंतीवर टांगत चाललेला.

"मग ना," ती म्हणाली, "त्याने एक दुकान काढलं. घड्याळांचं."

मुलीचा दंड हळूहळू सैल झाला.

संध्याकाळी ती घरी आली तेव्हा दादाची बॅग पलंगावर रिकामी पडली होती. कपडे कपाटात परत गेले होते.

"रद्द करून टाक," तो म्हणाला. "तुला दाखवायला माझ्याकडे काही नाही तिथलं. तू तुझ्या मैत्रिणीला घेऊन जा."

ताईने पर्स ठेवली, फॉर्म काढला, त्या प्रश्नापुढे 'नाही' लिहिलं आणि कागद त्याच्यासमोर सरकवला. "सही कर. डासांचं हॉटेल नको असेल तर दुसरं बघू. पण जायचं."

"अगं, पण मला तिथला रस्ता माहीत नाही की वळण माहीत नाही."

"मग मला कुठे माहितेय? विचारत विचारत जाऊ. तोंड दिलंय ना देवानं."

दादाने पेन घेतलं. सही करायला नेहमीपेक्षा बराच वेळ लागला.

दीड महिन्याने ते तिथे पोचले. पूल होता, पण तो आता उघडत नव्हता. मासळीबाजाराच्या जागी काचेची उंच इमारत उभी होती. दादा विमानातून उतरल्यापासून सैरभैर होता. हॉटेलच्या खोलीत बसवेना, रस्त्यावर आलं की चालवेना. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यानेच विचारलं, "धक्क्यावर जाऊ या?"

जुन्या धक्क्याला दगडी पायऱ्या होत्या, पाण्यापर्यंत जाणाऱ्या. लांब तीन मालवाहू जहाजं नांगर टाकून उभी होती. दादा कठडा धरून, एकेक पायरी मोजल्यासारखा उतरला आणि शेवटून दुसऱ्या पायरीवर बसला. ताई त्याच्या शेजारी बसली. एक लाँच धक्क्याला लागली. तिच्यातून जहाजावरची पाचसहा पोरं उड्या मारत उतरली, मोठमोठ्याने हसत शहराकडे गेली. दादा ती दिसेनाशी होईपर्यंत बघत राहिला.

"बाबा किती वर्षांचे होते गं तेव्हा?"

"एकावन्न."

"एकावन्न," तो म्हणाला. "लहानच होते की."

पाणी पायरीवर येत होतं, मागे जात होतं. ऊन चढलं. ताईने एकदा विचारलं, "निघू या का?" दोन्ही तळवे पायरीच्या दगडावर पसरून दादा बसून होता. तिने पुन्हा विचारलं नाही.