नाव न घेता

माझ्या मोठ्या नणंदबाई राजनंदिनी, आमच्या नंदिनीताई, यांनी टीव्हीसाठी शब्दांचा एक खेळ तयार केला होता. नमुन्याचा एकच भाग झाला, आणि तोही कुठल्या चॅनेलनं घेतला नाही. पण मी तो खेळलेय. लेक झोपलीय तोवर लिहून ठेवते.

खेळाचं नाव 'नाव न घेता'. जोडीतल्या एकीनं कार्ड उचलायचं आणि त्यावरचा शब्द दुसरीच्या तोंडून काढायचा. तो शब्द स्वतः म्हणायचा नाही, त्याखाली लिहिलेले तीन शब्दही नाहीत. शेवटच्या फेरीला दीड मिनिट आणि पाच कार्डं. पाचही झाली तर जिंकलात, एक राहिलं तर गेलात.

तुळजापुरातलं एक मंगल कार्यालय एका दिवसापुरतं मिळालं. चॅनेलच्या माणसानं आधीच बजावलं होतं, की शेवटी कुणीतरी जिंकताना दिसलंच पाहिजे, नाहीतर वरचे साहेब पुढचं बोलायचे नाहीत. ताईंची चार वर्षं त्या एका भागात अडकली होती. ऐन वेळी तेरखेड्याची जोडी आली नाही, तेव्हा ताईंनी आम्हालाच उभं केलं: मला आणि माझ्या सासूबाईंना, कमलबाईंना. मी त्यांना आत्या म्हणते.

आत्या चौथीपर्यंत शिकलेल्या. मला धाकधूक होती. पहिलं कार्ड आलं 'कुलूप'. दार, किल्ली, चोर म्हणायचं नाही. आत्या म्हणाल्या, "शेजारणीवर इस्वास न्हाय म्हणून लावून जातो ते." मग 'जांभई' आली. "कीर्तनात एकाला आली की समद्यांला येती." मला ओळखायला क्षणसुद्धा लागत नव्हता. कॅमेरावाला तोंडावर हात धरून हसत होता.

मला नवल वाटलं नाही. चौतीस वर्षं आत्या घरात हाच खेळ खेळतायत. मामांचं, म्हणजे माझ्या सासऱ्यांचं नाव उत्तरेश्वर. आत्या ते घेत नाहीत, आणि त्याच्या जवळपास जाणारा शब्दही नाही. उत्तरेचं वारं त्यांच्या बोलण्यात 'वरल्या अंगाचं'. उत्तरा नक्षत्र म्हणजे 'पूर्वाच्या पुढचं, हस्ताच्या अलीकडचं'. काही विचारलं की त्यांना 'जबाब' पाहिजे असतो. चुकवून चुकवून जीभ अशी तयार झालीय, की कुठल्या शाळेत शिकून येणार नाही. ताई वडिलांना पप्पा म्हणणाऱ्या. त्यांच्या हे कधी ध्यानात आलंच नव्हतं.

शेवटच्या फेरीत मी सांगायचं, आत्यांनी ओळखायचं. चार कार्डं झाली. पाचवं उचललं. 'उत्तर'. खाली प्रश्न, दिशा, परीक्षा. वीस सेकंद राहिले होते.

दुसरं काही सुचेना. मी आत्यांचंच बोलणं त्यांना परत दिलं. "पूर्वाच्या पुढचं, हस्ताच्या अलीकडचं. शेवटचा काना नको."

आत्यांना लगेच कळलं. त्यांनी समोर पाहिलं. पहिल्याच रांगेत मामा बसले होते. पदर सावरून त्या म्हणाल्या, "जबाब."

"आई, कार्डावरचा शब्द पाहिजे," ताई म्हणाल्या. त्यांनाही तेव्हाच उमगलं असावं, कारण त्यांनी वळून मामांकडे पाहिलं.

तो शब्द मामांच्या नावातलाच, आणि नाव घ्यायचं तर उखाण्यातच, ही आत्यांची रीत. घड्याळाकडे बघत त्यांनी तिथल्या तिथं जुळवायला घेतलं:

"तुळजाईच्या पायऱ्या चढले भरभर,
लेकीनं मांडला खेळ, सून बरोबर;
घड्याळबाई, घड्याळबाई, जरा दम धर,
समोर बसलेत टोपीवाले…"

घंटा वाजली. 'उत्तरेश्वर' घंटेच्या मागून आलं.

लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. मामांनी टोपी काढली, परत घातली. कुठं बघावं ते त्यांना कळेना. चॅनेलचा माणूस ताईंच्या कानाशी लागला: घंटा नंतर पुढं सरकवता येते, कुणाला कळायचं नाही. ताई हातातल्या कार्डांकडे बघत राहिल्या. मग माइक तोंडाशी नेला.

"वेळ संपली होती. ही जोडी हरली."

स्वतःच्या आईला म्हणाल्या त्या, आणि स्वतःलाही.

परतताना गाडीत मी आत्यांना विचारलं, परत म्हणायला लावलं असतं तर? आत्या म्हणाल्या, "म्या न्हाय म्हटलं असतं. नाव काय रोज घ्यायचं असतंय व्हय?" पुढं बसलेले मामा खिडकीबाहेर बघत होते, पण कान लाल झालेले मला मागून दिसत होते.

अडीच महिन्यांनी ताई जळकोटला आमच्या घरी आल्या. आत्या अंगणात तुरीच्या शेंगा सोलत होत्या, माझी लेक शेजारी टरफलं उधळत होती.

"जबाब आला का गं त्यांचा?"

"आला. नको म्हणाले. शेवटी कुणी जिंकत नाही म्हणे."

आत्यांनी हातातली शेंग सोलून संपवली. मग त्यांनी विचारलं, ते कार्ड अजून आहे का. ताईंनी पर्समधून काढून दिलं. आत्यांनी हात पुसले, त्यावरचं अक्षर मनातल्या मनात वाचलं आणि कार्ड कमरेच्या पिशवीत ठेवून दिलं.

"पुढल्या खेपंला," त्या ताईंना म्हणाल्या, "घड्याळ जरा दमाचं आण."