छापू नये अशी यादी

मित्रांनो, मी एक जुना प्रिंटर आहे. कुळगावच्या एका वधू-वर मंडळाच्या खोलीत, खिडकीखाली, फुलाफुलांचं फडकं पांघरून बसलेला असतो.

कारखान्यात मला कसं घडवलं, ते फारसं आठवत नाही. आठवतं ते मंडळात आल्याच्या दिवशी मायाताईंनी माझ्यापुढे ठेवलेलं मोगऱ्याचं फूल. मंडळाचं काम त्याच पाहतात. मेळाव्याआधी त्या संगणकावर मुलामुलींची यादी करीत: नाव, शिक्षण, नोकरी, फोन नंबर. मी ती छापून देई. कागद ऊन ऊन बाहेर पडत. अध्यक्ष रामभाऊ "जयभीम" करीत आत येत, कागद चष्म्याजवळ धरीत आणि माझ्या पाठीवर थाप मारून म्हणत, "खरा मध्यस्थ हा!" मला फार अभिमान वाटे.

एका वर्षी बरेच कागद उरले. मागची बाजू कोरी, टाकायचे कशाला? पुढच्या कार्यक्रमात त्यांच्या चिवड्याच्या पुड्या बांधल्या. कोणाच्याही मनात वाईट नव्हतं.

काही दिवसांनी प्रीती आली. मोरिवलीच्या कारखान्यात नोकरी करणारी ही मुलगी एरवी हसतच आत यायची.

"ताई, कोण कोण फोन करतात मला. काल एक जण म्हणतो, चिवडा मस्त होता, तू कधी भेटतेस?"

मायाताईंच्या लक्षात आलं, नंबर त्या पुड्यांवरून गेला होता. त्यांनी प्रीतीचं नाव यादीतून काढलं आणि यादीला बंधन घातलं. आता ती लोकांनी मोबाईलवर फक्त बघायची. छापायची किंवा डाउनलोड करून घ्यायची सोय बंद. मग त्यांनी प्रीतीला बोलावलं.

"तुझ्या मोबाईलवरून छापून बघ."

प्रीतीनं पुन्हा पुन्हा प्रयत्न केला. मी गप्प राहिलो. इतक्या आनंदानं मी कधीच गप्प राहिलो नव्हतो.

"आईची फार इच्छा आहे, तिच्यासाठी लावते परत नाव," ती म्हणाली.

रामभाऊंना मात्र हे पटलं नाही. "माया, मोबाईलवर सगळं मुंगीएवढं दिसतं गं. एक कागद दे."

"काका, बसा. मी वाचून दाखवते."

"रोज वाचशील?"

मायाताई चहा सांगायला बाहेर गेल्या. रामभाऊंनी संगणकाच्या पडद्यावर उघड्या असलेल्या यादीचा फोटो काढला, बोटांनी मोठा करून पाहिला आणि खूश झाले. मग 'सर्वांच्या सोयीसाठी' असं लिहून तो मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. मी सगळं पाहत होतो. पण मला आवाज आहे तो फक्त कागद ओढण्याचा.

प्रीती परत आली तेव्हा तिच्या हातातला फोन वाजतच होता.

"पोरी, तुझं नाव चार घरांत पोचावं म्हणून टाकलं गं..." रामभाऊ म्हणाले.

"काका, स्वतःच्या नातीचा नंबर टाकला असता?"

रामभाऊंनी चष्मा काढला आणि नुसता पुसत राहिले. प्रीतीनं नाव कायमचं काढायला सांगितलं. मायाताईंनी ते लगेच काढलं; या वेळी परत लावायला तिला बोलावलं नाही.

मित्रांनो, प्रिंटरला थांबवणं सोपं असतं. माणसाच्या हाताला तसं बंधन घालता येत नाही, त्याचं त्यालाच थांबावं लागतं. कोणाचं नाव, कोणाचा नंबर तुमच्याकडे आला, तर पुढे पाठवण्याआधी त्या माणसाला एकदा विचारा. प्रीतीला आम्ही कोणीच विचारलं नव्हतं.