ओढ्यातून आधी मला काढलं

मित्रांनो, मी एक जुना लॅपटॉप आहे. हे ऐकून तुम्ही लगेच चुकचुकाल, पण ते राहू द्या. माझं काहीही वाईट झालेलं नाही. पडदा शाबूत आहे, सगळी बटणं चालतात, झाकणावर एक ओरखडा आहे तेवढाच. वाईट झालं ते दुसऱ्याच कुणाचं. ज्याच्यामुळे झालं, तो रोज सकाळी मऊ फडक्याने माझी धूळ पुसतो. मला त्या माणसाचा मनापासून तिटकारा आहे.

माझा जन्म कारखान्यात झाला. तिथे मला मुद्दाम उंचावरून आपटलं, पाण्यात बुडवलं, धूळ उडवली, आणि मी तरीही सुरू झालो तेव्हा टाळ्या वाजल्या. खाणीत, जहाजावर, वाळवंटात जाण्यासाठी मला घडवलं होतं. प्रत्यक्षात मी गेलो एका विमा कचेरीत. तिथल्या कारकुनाने माझ्यावर वर्षानुवर्षं पत्त्यांचा खेळ मांडला. साहेब आले की तो पत्ते झाकायचा आणि कपाळाला आठ्या घालून खिडकीबाहेर बघायचा. साहेबांना वाटायचं, किती विचार करतो! असली ती कचेरी. तिथून मला मोडीत काढलं, आणि मोडीतून मला दातांच्या डॉक्टरने उचललं.

हा डॉक्टर दिवसभर लोकांच्या तोंडात डोकावतो, आणि सुट्टीच्या दिवशी चारही चाकं ओढणारी उंच गाडी घेऊन डोंगरात जातो. त्याच्यासारख्यांचं एक टोळकं आहे. चांगला रस्ता सोडून चिखलात जायचं, तिथे रुतायचं, एकमेकांना दोराने ओढून काढायचं आणि मग पाठीवर थाप मारायची, हा त्यांचा छंद. टोळक्यात त्याला 'कप्तान' म्हणतात. हे नाव त्याने स्वतःच सुचवलं होतं.

कप्तानाकडे नकाशा दाखवणारं यंत्र हवं, म्हणून त्याने मला गाडीत बसवायचं ठरवलं. वेल्डरकडून एक जाड लोखंडी दांडा करून घेतला. त्याचा पाय पुढच्या डाव्या सीटच्या बोल्टला आवळला, वर ताट बसवलं आणि ताटावर मला चार नटांनी जखडलं. छपरावर लोहचुंबकाची एक चकती चिकटवली. आकाशातले उपग्रह हेरून आपण कुठे आहोत ते ती मला सांगायची. तिची वायर दाराच्या फटीतून आत घेतली. वायर दारात चेंगरेल, हे त्या दोन शहाण्यांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही.

गाडीला बाजूंना दोनच दारं. मागे बसलेल्याला उतरायचं तर पुढची डावी सीट पुढे वाकवावी लागते; ड्रायव्हरची सीट वाकतच नाही. आता मध्ये दांडा आल्यावर ती वाकेना. हे डॉक्टरच्या बायकोने पहिल्याच दिवशी ओळखलं.

"अहो, मागचा माणूस उतरणार कसा?"

"मागे बसतंय कोण?" डॉक्टर म्हणाला.

"मॅडम, मागचं दार आहे की," वेल्डर म्हणाला. मागच्या दारापाशी डॉक्टरने दोर, फावडी, फळ्या आणि बर्फाची पेटी रचून घट्ट बांधली होती.

उन्हाळ्यात आम्ही टोळक्याबरोबर डोंगर ओलांडून पलीकडे गेलो. मी तो सगळा मार्ग टिपून ठेवला. एक बटण दाबलं की तो प्रवास पडद्यावर पुन्हा चालायचा. छोटा निळा बाण वळणं घेत, कोरडे ओढे ओलांडत सरकायचा. डॉक्टरने मला ताटावरून सोडवून तो घरी, लग्नकार्यात, दवाखान्यात, जिथे तिथे दाखवला. दवाखान्यात त्याला विशेष रंग चढे, कारण खुर्चीतल्या माणसाचं तोंड उघडं आणि आत कापूस. त्या बिचाऱ्याला 'पुरे' म्हणायचीही सोय नव्हती.

मग पावसाळ्यानंतर एका सकाळी फोन आला. डॉक्टरच्या सासूबाईंचा थोरला भाऊ डोंगरापलीकडच्या गावी राहायचा. त्याच्या हृदयाचं ऑपरेशन दुसऱ्या दिवशी ठरलं होतं, ते अचानक त्याच दुपारवर आलं. आईबाप लवकर गेल्यामुळे या भावानेच सासूबाईंना लहानाचं मोठं केलं होतं. त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन नुकतंच झालेलं, म्हणून त्या लेकीकडेच होत्या; काठीशिवाय पाऊल टाकता येत नव्हतं. तरी त्या चपला घालून दारात उभ्या राहिल्या.

"त्याला आत नेण्याआधी मला एकदा दिसू दे. बाकी काही नको," त्या म्हणाल्या.

"आई, चिंता नको. डांबरी रस्ता लांबून जातो. मी तुम्हांला डोंगरातून नेतो, निम्म्या वेळात," डॉक्टर म्हणाला.

"अहो, आज तरी सरळ रस्त्याने चला ना," बायको म्हणाली.

"मार्ग याला पाठ आहे," असं म्हणून त्याने माझ्या डोक्यावर थाप मारली. जनावराच्या पाठीवर मारतात तशी.

सासूबाईंना उचलून सीटवरून पलीकडे मागे बसवलं. दार धाडकन लागलं आणि छपरावरची वायर तुटली. मी ताबडतोब पडद्यावर लिहिलं की, आपण कुठे आहोत ते मला कळत नाही. सोबत आवाजही केला. डॉक्टरला तो आवाज आवडला नाही. न वाचताच त्याने ती ओळ घालवली आणि इकडे तिकडे दाबता दाबता जुन्या प्रवासाचं बटण दाबलं. निळा बाण चालू लागला. कोपऱ्यात मी ठळक अक्षरांत 'मागील प्रवास' असं दाखवत होतो. तिकडे कोण बघतो!

मित्रांनो, तो शहाणा माणूस त्या दिवशी उन्हाळ्यातल्या आपल्याच सहलीमागे गाडी हाकत होता. बाण वळला की हा वळायचा. बाण पुढे गेला की हा गाडी पिटाळायचा. मागे सासूबाई गुडघा दोन्ही हातांनी धरून बसल्या होत्या. वाटेत गुरं आडवी आली तेव्हा गाडी थांबली. बाण मात्र थांबला नाही.

"अहो, आपण उभे आहोत आणि हा बाण पळतोय कसा?" बायकोने विचारलं.

"पुढचं दाखवतोय तो. फार प्रगत यंत्र आहे," डॉक्टर म्हणाला.

मला हसता येत असतं तर तिथेच माझा पडदा तडकला असता.

थोड्याच वेळात ओढा लागला. बाण पुढे पळाल्यापासून वळणं चुकत गेली होती; उन्हाळ्यात ओलांडला तो हा नव्हताच, आणि याला पाणी होतं. बायको म्हणाली, उतरून काठीने खोली बघा. डॉक्टरने माझ्याकडे पाहिलं. बाण सरळ पुढे निघाला होता. त्याने गाडी आत घातली. मधोमध पुढचं चाक दोन दगडांत अडकलं, इंजिन दोनदा खोकलं आणि बंद पडलं. पाणी दाराच्या फटीतून आत येऊ लागलं.

"आईला आधी काढा!" बायको ओरडली. ती तिच्या बाजूने पाण्यात उतरलीही होती. सीट वाकवायला ती जिवाच्या आकांताने ओढत होती आणि सीट दांड्याला अडत होती.

"थांब, थांब!" म्हणत डॉक्टरने खणातून पाना काढला. बायकोला वाटलं, तो दांडा सोडवतोय. मलाही क्षणभर तसंच वाटलं. मी त्या माणसाला तेवढा मोठेपणा दिला, हीच माझी चूक. त्याने खाली पाहिलंसुद्धा नाही. माझ्या ताटाचे चारही नट एकेक करून काढले, मला शर्टात गुंडाळलं, डोक्यावर धरलं आणि तो काठाकडे चालू लागला. दांडा होता तिथेच राहिला.

सासूबाईंच्या पोटऱ्यांपर्यंत पाणी आलं होतं. लेकीने त्यांना काखेत हात घालून सीटच्या पाठीवरून, दांड्यावरून ओढून काढलं. ताज्या टाक्यांचा गुडघा लोखंडावर आपटला तेव्हा त्या एकदाच कळवळल्या. मग लेकीच्या पाठीवर बसून काठाला आल्या.

एका खडकावर त्या निथळत बसल्या होत्या. जावई मला शर्टाने पुसत होता.

"जावईबापू, ते भिजलं नाही ना?" त्यांनी विचारलं.

"नाही आई, टिपूससुद्धा लागला नाही," तो आनंदाने म्हणाला.

बायको चालत गेली आणि एका ट्रॅक्टरवाल्याला घेऊन आली. मायलेकी इस्पितळात पोचल्या तेव्हा भावाला आत नेऊन बराच वेळ झाला होता. जाण्याआधी त्याने दोनदा विचारलं होतं, "आली का ती?" तो शुद्धीवर आला नाही. हे मी नंतर, डॉक्टरच्या दवाखान्यातल्या टेबलावरून, बायको फोनवर मावशीला सांगत होती तेव्हा ऐकलं.

डॉक्टरही तो दिवस सांगतो, पण त्याच्या कथेत पाणी चढलेलं असतं, वेळ थोडा असतो, आणि तो जिवावर उदार होऊन मला वाचवतो. खुर्चीतली माणसं कापूस चावत ऐकतात. सासूबाईंना तो 'आमच्याबरोबर एक पेशंट होत्या' म्हणतो.

मागच्या आठवड्यात तो वेल्डरकडून नवं ताट घेऊन आला. "बघ," तो बायकोला म्हणाला, "हा खटका दाबला की लॅपटॉप झटक्यात मोकळा. पुन्हा तसा प्रसंग आला तर वेळ जायला नको."

बायकोने खटका दाबून पाहिला. मी खरोखर झटक्यात सुटलो. तिने मला पुन्हा जागेवर ठेवलं, हात पुसले आणि ती माहेरी गेली, ती अजून आलेली नाही.

मित्रांनो, माझ्यासारख्या वस्तू शेवटी हात जोडून सांगतात की आम्हांला जपा. मी तसं सांगणार नाही. मला घडवलं तेव्हाच पाण्यात टाकून पाहिलं होतं. त्या ओढ्यात मी दिवसभर पडून राहिलो असतो तरी संध्याकाळी पुसल्यावर सुरू झालो असतो. डॉक्टरने कधी वाचलं नाही, पण हे माझ्या पाठीवरच लिहिलेलं आहे. तुमच्या गाडीत पाणी शिरलं तर मला बुडू द्या, आणि मागे बसलेल्या माणसाला आधी हात द्या.